इंदूताई भोयरांचा दावा

इंदूताई भोयर साडीवर स्पोर्ट्स शूज घालायच्या. पांढरे, लेस घट्ट आवळलेले. जबलपूरच्या विजय नगरातल्या आमच्या गल्लीत सकाळी त्यांची स्कूल व्हॅन थांबली की दारातून आधी ते बूट खाली यायचे आणि मग बाकीच्या इंदूताई. हॉर्न त्या वाजवत नसत. फाटकाशी उभ्या राहून हाक मारायच्या, आणि तीही मुलाच्या नावानं नाही, आईच्या नावानं.

"ओ सुनीता! पोट्टी तयार झाली का, का मी वर येऊ?"

त्या वर येण्याचं भय सगळ्यांनाच होतं. एकदा त्या खरोखरच एका घरात वर गेल्या होत्या, अर्धवट झोपेतल्या मुलाला मोजे घालून उचलून घेऊन आल्या होत्या, आणि त्याच्या आईला जिन्यातूनच सांगितलं होतं, "पोट्टं कधी लेट होत नाही. लेट आई होते."

मी ज्या शाळेत शिकवते त्याच शाळेत माझी मुलगी सई जायची. माझी वेळ वेगळी, म्हणून तिला व्हॅन लावली. मुलं इंदूताईंना भोयर आंटी म्हणत, त्यांच्या आया दीदी म्हणत, मी इंदूताई म्हणायचे. त्या मला शेवटपर्यंत मॅडमच म्हणत राहिल्या.

मराठी मुलं त्या व्हॅनमध्ये मोजकीच. बाकी सगळा हिंदीचा कारभार. पण पुढची सीट कोणाला, याचा इंदूताईंचा एकच नियम होता: घरापासून दमोह नाक्यापर्यंत जो मराठीत बोलेल त्याला. त्यामुळे तिवारींचा धाकटासुद्धा "आंटी, मले समोर बसू द्या" असं खणखणीत म्हणायला शिकला. आमच्या सईला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. व्हॅन लागून काही महिने झाले असतील, आणि एके दिवशी ती माझ्या सासूबाईंना म्हणाली, "आजी, तू काहून रागावून राहिली?"

ही नागपुरी बोली ऐकून सासूबाई हबकल्या. आमचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीपासून जबलपुरात आहे, आणि घरातली मराठी कशी सांभाळली याचा त्यांना फार अभिमान. त्यांची तक्रार मी हसत हसत इंदूताईंच्या कानावर घातली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बोलली ना? मग झालं. तुमच्याकडे तर ती मुकी होती."

त्यांचं आणखी एक वाक्य होतं. "मी विचारून राहिली, भांडून नाही राहिली." हे वाक्य आलं की समोरच्यानं समजावं, आता भांडण सुरू झालं. शाळेच्या गेटसमोर एक बडे अधिकारी आपली जीप रोज आडवी लावत. शिपाई काही बोलत नसे, प्रिन्सिपल काही बोलत नसत. इंदूताई एकदा खाली उतरल्या, जीपच्या खिडकीशी जाऊन अगदी नम्रपणे त्यांनी विचारलं, "साहब, आपका बच्चा कौन सी क्लास में है?" साहेबांनी सांगितलं. "अच्छा. तो उसको बता दूँ क्या, कि बाकी बच्चे किसकी वजह से रोड पर उतरते हैं? पूछ रही हूँ, लड़ नहीं रही." जीप दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या झाडाखाली लागू लागली. मुलाला मात्र इंदूताईंनी कधी काही सांगितलं नाही. उलट एकदा जीप आली नाही तेव्हा त्यालाच व्हॅनमध्ये घालून घरी सोडलं.

ही व्हॅन त्यांनी नवरा गेल्यावर घेतली होती. गाडी चालवायला शिकल्या तेव्हा चाळिशी उलटली होती. नवऱ्याचं नाव वसंतराव, पण त्या नेहमी "आमचे हे" म्हणत. शहपुऱ्याच्या बाजूला एक खासगी कारखाना होता, आता बंद पडलेला. बॉयलरला, भट्टीला गुंडाळायचे ॲस्बेस्टॉसचे दोर आणि कापड तिथे बनत. वसंतराव पिंजणाच्या खोलीत होते. कच्चा माल पोत्यातून काढायचा, पिंजायचा, मशीनला द्यायचा. तोंडाला बांधायला घरचाच रुमाल. संध्याकाळी सायकलवरून घरी येत तेव्हा भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरे. गल्लीतली मुलं त्यांना पिठाची गिरणी म्हणून चिडवत आणि तेही हसत. इंदूताई त्यांना आधी मागच्या अंगणात पाठवत, तिथे कपडे उतरवून घेत, झटकत, आणि मग धुवायला घेत. रोजचंच काम होतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

वसंतराव छातीच्या दुखण्यानं गेले. टीबी म्हणून औषधं चालू होती, ती पुरी झाली, पुन्हा सुरू झाली, आणि माणूस वाळत गेला. कागदावर शेवटपर्यंत टीबीच राहिला.

सई आठवीत गेली त्या वर्षी इंदूताईंना दम लागायला लागला. फाटकावरची हाक अर्ध्यात तुटायची. उजव्या कुशीत दुखायचं. दवाखान्यात छातीचा फोटो काढला तर छातीत पाणी निघालं, आणि तिथल्या डॉक्टरांनी लगेच टीबीची औषधं लिहिली. इंदूताईंनी चिठ्ठी घडी करून त्यांच्यापुढेच ठेवली.

"टीबी आमच्या घरी एकदा येऊन गेला," त्या मला सांगत होत्या. "माणूस घेऊन गेला. आता पुन्हा त्याच नावानं मी कोणाला घरात घेणार नाही. दुसरं नाव शोधा म्हटलं."

दुसरं नाव शोधलं डॉ. शुक्लांनी. छातीच्या आजारांच्या डॉक्टर, वयानं तरुण, बोलणं तुटक. त्यांनी पाणी काढलं, आतल्या आवरणाचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी मी इंदूताईंबरोबर होते, कारण त्यांचा मुलगा प्रशांत नागपूरला नोकरीला. डॉक्टरांनी आधी एकच प्रश्न विचारला.

"आप कभी फैक्ट्री में काम करती थीं? एस्बेस्टस?"

"मैं नहीं. मेरे मिस्टर."

डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला. मग म्हणाल्या, "उनके कपड़े कौन धोता था?"

इंदूताईंनी माझ्याकडे पाहिलं.  आणि आपले हात पदराखाली घेतले.

डॉक्टरांनी मग सगळं समजावून सांगितलं. फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. त्या धुळीचे तंतू श्वासातून आत जातात, वर्षानुवर्षं बसून राहतात, आणि फार उशिरा रोग उठतो. नाव मेसोथेलिओमा. इंदूताईंनी ते नाव पुन्हा म्हणायला लावलं. मग स्वतः म्हणून पाहिलं, चुकलं, पुन्हा म्हटलं. घरी येईपर्यंत ते त्यांच्या तोंडात नीट बसलं होतं. "ज्याच्याशी भांडायचं त्याचं नाव तरी बरोबर घेता आलं पाहिजे," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांना मोडलेलं मी एकदाच पाहिलं. त्याच आठवड्यात, शाळा सुटायच्या आधी, रिकाम्या व्हॅनमध्ये. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाल्या, "मॅडम, दोन दिवस मले आमच्या ह्यांचाच राग येऊन राहिला होता. घरी काहून घेऊन आले हे? मले सांगितलं काहून नाही? मग आज सकाळी ध्यानात आलं, त्यांना तरी कोणी सांगितलं होतं?" घंटा झाली. त्यांनी डोळे पुसले आणि सरकतं दार उघडायला खाली उतरल्या.

कमानिया गेटजवळ भांड्यांच्या दुकानाच्या वर मिश्राजी वकिलांचं ऑफिस होतं. कामगारांचे खटले चालवण्यात केस पांढरे झालेले. एका कानानं कमी ऐकू यायचं, तेव्हा इंदूताई पहिल्या दिवसापासून त्यांच्या चांगल्या कानाकडची खुर्ची धरून बसायच्या. खाली पितळेवर ठोकठोक चाललेली, आणि वर मिश्राजी हळूहळू सांगत होते, "देखिए बहनजी, आपके पति के लिए रास्ता अलग है, और आपके लिए अलग."

वसंतराव कामगार होते. कारखान्यानं त्यांचा कामगार विमा भरला असता तर विम्याच्या कार्यालयाकडे जाऊन, रोग कामामुळेच झाला हे दाखवून, विधवेला पेन्शन मागता आलं असतं. पण मालकानं कागदावर माणसं कमी दाखवली होती, आणि वसंतरावांचं नाव त्यात नव्हतंच. मग दुसरा रस्ता लेबर कोर्टाचा. कामातून होणाऱ्या रोगांची कायद्यात यादी आहे, ॲस्बेस्टॉसचे रोग आणि त्याचा कॅन्सर त्या यादीत आहेत, आणि विमा नसेल तर भरपाई मालकावर येते. कारखाना बंद झाला म्हणून मालक सुटत नाही. अडचण एवढीच की दावा मृत्यूपासून दोन वर्षांत लावायचा असतो. उशिराचं कारण सबळ असेल तर कोर्ट तो माफ करू शकतं.

"आणि माझं?" इंदूताईंनी विचारलं.

मिश्राजींनी चष्मा काढला. "आप तो कामगार थीं नहीं. वो कानून आपको पहचानता ही नहीं." त्यांच्यासाठी दिवाणी कोर्टच उरत होतं. मालकाला धोका माहीत होता, माहीत असायला हवा होता, तरी त्यानं कामगारांना तिथे अंग धुवायची, कपडे बदलायची सोय केली नाही आणि धूळ घरोघर जाऊ दिली, हा निष्काळजीपणा सिद्ध करायचा. लांबचं आणि कठीण काम. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर बाईमाणसाला सरकारी विधी सेवेतून मोफत वकील मिळतो, हेही त्यांनीच सांगितलं. "पर मिलेगा तो मैं ही," असं म्हणून ते पहिल्यांदा हसले. त्या यादीत त्यांचं नाव होतं.

"दोन्ही लावा," इंदूताई म्हणाल्या. "आधी ह्यांचा."

"गवाह चाहिए. साथ में काम करने वाले."

"साक्षीदार मी आणते. गाडी आहे माझ्याकडे."

पुढच्याच रविवारी त्यांनी व्हॅन शहपुऱ्याकडे काढली. मला बरोबर घेतलं, "तुम्ही मॅडमसारख्या दिसता, लोक खुर्ची देतात" म्हणून. पिंजणाच्या खोलीतले बहुतेक जण गेले होते. जिवंत सापडले त्यातले हल्केराम सगळ्यात जुने. वसंतरावांच्या शेजारच्या मशीनवर असायचे. खाटेवर बसून होते, बोलताना दर वाक्याला खोकत होते. इंदूताईंचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"भौजी, गड़े मुर्दे काहे उखाड़ रही हो? मेरा लड़का उन्हीं के गोदाम में लगा है."

"हल्के भैया, ये खाँसी किसकी है? मालिक की?"

 इंदूताईंनी मग त्यांच्याशी बोलणंच सोडलं. दाराच्या चौकटीत त्यांची बायको उभी होती, तिला विचारलं, "दीदी, इनके कपड़े कौन धोता था?"

"हमईं धोत हते. और को धोतो?"

"मैं भी. मुझे कैंसर निकला है. उसी धूल का."

 बाई आत गेली, धुवट सदरा घेऊन आली आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. "जाओ इनके संगे," ती म्हणाली. "लड़का दूसरी नौकरी ढूँढ लेहै."

इंदूताईंनी त्यांना कोर्टात न नेता आधी डॉ. शुक्लांकडे नेलं. हल्केरामना आणि आणखी दोघांना. त्यांच्या बायकांनाही. फोटो निघाले. हल्केरामांच्या आणि आणखी एकाच्या छातीत त्या धुळीच्या खुणा स्पष्ट दिसल्या. बायकांचे फोटो स्वच्छ होते, पण डॉक्टरांनी त्यांना दरवर्षी यायला सांगितलं. वसंतरावांचे जुने फोटोही डॉक्टरांनी या नव्या फोटोंशेजारी लावून पाहिले, आणि हा टीबी नव्हता असं लेखी मत दिलं.

साक्षीच्या तारखेला इंदूताईंनी शाळेची फेरी चुकवली नाही. मी म्हटलं, निदान आज तरी दुसऱ्या कोणाला सांगा. तर म्हणाल्या, "मुलांना काय सांगू, आंटी कोर्टात गेली?" त्यामुळे झालं असं की आदल्या दिवशी नातलगांकडे मुक्कामाला आलेले हल्केराम आणि त्यांचे सोबती मुलांबरोबरच व्हॅनमध्ये बसले, मांडीवर दुसऱ्यांची दप्तरं घेऊन. एका पोरानं हल्केरामना विचारलं, "दादाजी, आपका एडमिशन हो गया?" ते एवढे हसले की खोकल्यानं बेजार झाले. पण शाळेहून लेबर कोर्टात पोचले तेव्हा त्यांची भीती पार गेली होती.

मालकाच्या वकिलाचा सगळा भर उशिरावर होता. "पति को गुज़रे इतने साल हो गए. अब तक आप क्या कर रही थीं?"

"बच्चों को स्कूल छोड़ रही थी," इंदूताई म्हणाल्या. "हमको टीबी बताया था. टीबी के लिए मालिक पर कौन केस करता है? जिस महीने सच पता चला, उसी महीने आ गई."

हल्केरामांनी पिंजणाच्या खोलीचं वर्णन केलं. खिडकी एक, तीही बंद, कारण माल उडतो. समोरचा माणूस दिसत नसे, नुसता आवाज ऐकू येई. मास्क तपासणीच्या दिवशी निघत आणि तपासणी झाली की पुन्हा कपाटात जात. कोर्टानं उशीर माफ केला, आणि काही महिन्यांनी निकाल दिला की वसंतराव भोयरांचा मृत्यू कामातून झालेल्या रोगानं झाला, भरपाई मालकानं द्यावी. अपील करायचं तरी आधी पूर्ण रक्कम भरावी लागते. मालकाच्या मुलानं रक्कम भरली आणि अपील केलं नाही.

मिश्राजी निकाल वाचत होते तेव्हा इंदूताईंनी त्यांना मध्येच थांबवलं. "टीबी नव्हता, ते कुठे लिहिलं? ते पुन्हा वाचा." त्यांनी वाचलं. "जोरात वाचा." त्यांनी जोरात वाचलं. इंदूताई डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "चलो. आता माझं."

तोवर त्या पार उतरल्या होत्या. व्हॅन त्यांनी शेजारच्या रेखाला दिली, पण पहिले काही दिवस स्वतः शेजारी बसून प्रत्येक घराची आई तिला समजावून सांगितली. दिवाणी दाव्यात मिश्राजींनी अर्ज केला की वादी आजारी आहे, तिची साक्ष आधी आणि घरीच व्हावी. कोर्टानं ती लिहून घ्यायला आपला कमिशनर नेमला.

पुढे काय झालं ते आधी सांगते. त्या साक्षीनंतर इंदूताई जेमतेम महिनाभर राहिल्या. प्रशांत नागपूरहून आला होता, त्याच्या मांडीवर डोकं ठेवूनच पहाटे गेल्या. दावा त्यानं पुढे चालवला, आणि निकाल त्यांच्या बाजूनं लागला. घरी कपडे धुणाऱ्या बाईची काळजी घेणं हेही मालकाचं कर्तव्य होतं, असं कोर्टानं लिहिलं. हल्केरामांनी आपल्या दाव्याचे कागद मिश्राजींकडेच दिले. गोदामातल्या मुलाची नोकरी गेली, आता तो रेखाच्या दुसऱ्या व्हॅनवर आहे.

मला मात्र इंदूताई आठवतात त्या साक्षीच्या सकाळच्या. बाहेरच्या खोलीत कमिशनर टेबलाशी, मालकाचे वकील खुर्चीवर, मिश्राजी त्यांच्यासमोर. मी स्वयंपाकघराच्या दारात. इंदूताई इस्त्रीची साडी नेसून पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. नाकाला ऑक्सिजनची नळी. सगळ्यांना चहा मिळाल्याशिवाय त्यांनी सुरुवात करू दिली नाही.

मालकाच्या वकिलांनी फार सौजन्यानं विचारलं, "माताजी, आप कभी फैक्ट्री के अंदर गईं?"

"नहीं."

"गेट तक?"

"नहीं."

"तो फिर उस फैक्ट्री से आपका संबंध क्या हुआ?"

"साहब, मैं फैक्ट्री नहीं गई," इंदूताई थांबत थांबत म्हणाल्या. "फैक्ट्री रोज़ मेरे घर आती थी."

कमिशनरांनी मान खाली घालून ते लिहून घेतलं. वकिलांनी पुढचा प्रश्न टाकला: कपडे धुण्यानं इतकी धूळ अंगावर येते हे कशावरून? घरोघर बायका कपडे धुतात.

इंदूताईंनी नाकातली नळी काढली. प्रशांत पुढे झाला, त्याला हातानं थांबवलं. भिंतीला धरत, मधल्या खोलीतून, मागच्या अंगणात गेल्या. आम्ही सगळे त्यांच्या मागे. कमिशनर हातात कागद घेऊन, वकील चहाचा कप तसाच धरून. दोरीवर कपडे वाळत होते. त्यांनी त्यातला प्रशांतचा सदरा ओढून घेतला, खांद्यांशी दोन्ही हातांनी धरला, आणि सगळं बळ एकवटून झटकला. फट्कन आवाज झाला.

मालकाचे वकील मागे सरले. चहा सांडला. त्यांचा रिकामा हात आपसूक नाकावर गेला होता.

इंदूताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. दम लागला होता, बोलायला वेळ लागला. सदरा हातातच होता.

"डरिए मत, वकील साहब," त्या म्हणाल्या. "ये तो धुला हुआ है."